साधा गोल्फ कोर्स : गुण की तडजोड?

घोडबंदरकर | रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी.

आधीच सांगतो, मी गोल्फवाला नाही. नौपाड्यातल्या वाड्यात विटीदांडू आणि गोट्या, पुढे सेंट्रल मैदानावर टेनिस बॉलचं क्रिकेट, एवढीच आपली क्रीडा कारकीर्द. आज मात्र ऑफिसातल्या एका मित्रानं पहाटे उठवून खारघरला नेलं. सिडकोचा खारघर व्हॅली गोल्फ कोर्स. मेंबरशिप नको, ओळख नको, पैसे भरा आणि खेळा. माझ्या डोक्यात गोल्फ म्हणजे पांढरी पँट, सिगार आणि गेटवर आपल्या चपलांकडे बघून नाक मुरडणारा दरवान. म्हणून उगाच इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो.

मित्रानं हातात काठी दिली (काठी म्हणू नकोस, क्लब म्हण, हे तीनदा ऐकलं). पहिल्या फटक्याला बॉल जागच्या जागी आणि तळहाताएवढं गवत मातीसकट चार हात पुढे. दुसरा फटका हवेत. तिसरा लागला, आणि असा काही उजवीकडे गेला की विचारू नका. चौथा उजवीकडे. पाचवा उजवीकडे. "सगळ्यांचा जातो," मित्र म्हणाला. मग तो खेळत असताना मी बॅग सांभाळत त्याच्यासोबत चाललो. भोवती खारघरचे डोंगर, चिखलाचे बूट, आणि दोन तास मोबाइल खिशात. बरं वाटलं.

परतताना ठाणे-बेलापूर रोडवर तो म्हणाला, "चांगला पब्लिक कोर्स साधाच असतो, आणि साधा असतो म्हणूनच चांगला असतो." हे काही मला पटलं नाही. साध्या थाळीत श्रीखंड नसतं ते परवडत नाही म्हणून, त्यात तत्त्वज्ञान कसलं?

तर जाणकारांनो, सामान्य माणसाला परवडेल अशा गोल्फ कोर्सच्या आखणीत नेमकं काय चांगलं असतं? साधेपणा हा खरंच गुण, की खिशाला लागलेली ठिगळं?

तर्रीबाज | रविवार, रात्री १०:०५

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. तिथे मिसळ मिळते का, एवढं सांगा आणि मग चालू द्या.

सडेतोड | रविवार, रात्री १०:३२

घोडबंदरकर, राग मानू नका, पण प्रश्नच चुकलाय. आधी हे विचारा की असा कोर्स हवाच कशाला.

साधा हिशेब मांडतो. १८ होलच्या (होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून झेंड्याच्या खड्ड्यापर्यंतचा एक टप्पा) कोर्सला १०० ते १५० एकर लागतात. दर दहा मिनिटांनी चौघांचा एक गट सोडतात. सकाळी सहा ते दुपारी बारा धरले तर ३६ गट, म्हणजे १४४ माणसं. शंभरावर एकरांत १४४ माणसं! आमच्या मैदानावर रविवारी एका वेळी आठ मॅचेस चालतात. आमचा थर्डमॅन बाजूच्या मॅचच्या मिडऑफशी गप्पा मारत उभा असतो आणि कुणाचा कॅच कुणी घेतला यावरून भांडणं होतात. ते खरं सार्वजनिक मैदान.

परवडणारा गोल्फ म्हणजे परवडणारं विमान. तिकीट स्वस्त करता येईल, धावपट्टी कुठून आणणार?

निवांत_नेरुळकर | रविवार, रात्री १०:४१

सडेतोड +१. थर्डमॅनला हसून हसून पुरेवाट.

रेघोट्या | रविवार, रात्री ११:२०

मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे, सीबीडी बेलापूरला ऑफिस. कोर्स मी आखलेला नाही, पण एका रिसॉर्टच्या नऊ होलवर हाताखाली दोन वर्षं काम केलंय. सडेतोडदादांच्या जमिनीच्या मुद्द्यावर नंतर येते, तो मुद्दा खोटा नाही. आधी धाग्याचा प्रश्न.

कोर्स महाग का होतो? बांधताना एकदाच पैसे लागतात, सांभाळताना रोज लागतात. मेंबरांचा क्लब वर्गणी वाढवून भागवतो, पब्लिक कोर्सनं तेच केलं तर तो पब्लिक राहत नाही. म्हणून आखणी करतानाच ठरवायचं की रोजची काळजी कुठे घ्यायची आणि कुठे नाही. एक ग्रीन, म्हणजे झेंड्याभोवतीची ती गुळगुळीत हिरवळ, साधारण ५ ते ६ हजार चौरस फुटांचं असतं. आपल्या भाषेत दहा वन बीएचके. अशी १८ ग्रीन मिळून दोन-अडीच एकरच होतात. शंभरावर एकरांच्या कोर्समध्ये जिवापाड जपायची जागा एवढीच! गवत तीन-चार मिलिमीटरवर कापायचं, रोज. बाकीचा पसारा थोडा उग्र राहिला तरी चालतो. ग्रीन खडबडीत असेल तर बाहेर कितीही कारंजी लावा, तो कोर्स वाईटच.

आता बंकर. वाळूचे ते पांढरे खड्डे फोटोत फार देखणे दिसतात. आपल्या कोकणात जून ते सप्टेंबर अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. बंकरची उभी कड पहिल्याच सरीत घसरते, वाळूत लाल माती मिसळते, मग माणसं लावून ती वाळू काढा, नवी भरा. जुलैत चार वेळा. त्यापेक्षा तिथे नुसता गवती खळगा ठेवा. बॉल त्यात गेला की फटका अवघड होतोच, पण खळगा धुऊन जात नाही. अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी नावाचा जगप्रसिद्ध आखणीकार होऊन गेला. मूळचा डॉक्टर, बोअर युद्धात खंदक लपवण्याची कला पाहून तो जमीन वाचायला शिकला. त्यानं नामांकित गोल्फपटू बॉबी जोन्सबरोबर आखलेला अमेरिकेतला ऑगस्टा नॅशनल हा आज श्रीमंतीचा कळस समजतात. पण सुरुवातीला तिथे सगळे मिळून २२ बंकर होते.

आणि घोडबंदरकर, तुमचा उजवीकडे जाणारा बॉल! त्याला स्लाइस म्हणतात, आणि उजव्या हातानं खेळणाऱ्या बहुतेक नवशिक्यांना तो लागलेलाच असतो. क्रूर आखणीकार उजवीकडे तळं ठेवतो. शहाणा आखणीकार उजवीकडे मोकळं मैदान ठेवतो आणि अवघड गोष्टी डावीकडे नेतो, कारण डावीकडे जोरात चुकणारा सहसा मुरलेला खेळाडू असतो. त्यानं नवशिक्याचे बॉल वाचतात, वेळ वाचतो, मागच्यांचा जीव वाचतो. मॅकेन्झीनं १९२० साली चांगल्या कोर्सचे १३ मुद्दे लिहून ठेवले, त्यात हरवलेला बॉल शोधत बसण्याची कटकट अजिबात नसावी हा एक मुद्दा आहे. शंभर वर्षं झाली, तरी लोक झुडपात काठ्या घालत फिरतायत.

उद्या साइट आहे, झोपते. पाण्यावर नंतर लिहीन.

घोडबंदरकर | रविवार, रात्री ११:३१

रेघोट्याताई, _/\_. म्हणजे माझ्या स्लाइसची काळजी कुणीतरी शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे. घरी एवढी कुणी करत नाही.

अप्पा_जुन्नरकर | सोमवार, सकाळी ५:५५

शेतकी खात्यात ३१ वर्षं काढली, आता मुलाकडे कामोठ्यात असतो. एक गंमत सांगतो.

मुलानं एकदा त्या खारघरच्या कोर्सवर नेलं होतं. तिथले एक जण मोठ्या कौतुकानं म्हणाले, हे बर्म्युडा ग्रास. मी वाकून दोन काड्या उपटल्या, पेरं पाहिली, टोक पाहिलं आणि हसूच आवरेना. अहो, ही आपली हरळी! सायनोडॉन डॅक्टिलॉन. गणपतीला वाहतो त्या दूर्वा. कोर्सवर तिच्या सुधारित संकरित जाती लावतात, त्या बुटक्या असतात, पण घराणं तेच.

आमच्याकडे जुन्नरला एखाद्याच्या रानात हरळी शिरली की तो माणूस डोक्याला हात लावून बसायचा. नांगरा, वेचा, जाळा, कुदळीनं हातभर खणा, मुळीचा एक तुकडा राहिला की पुन्हा डोकं वर. उन्हाळ्यात वाळून कोळ झाली तरी पहिल्या पावसात हिरवी. माझ्या वडिलांनी आयुष्यभर जिच्याशी वैर केलं ती लावायला लोक पैसे मोजतात, हे त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी मलाच वेड्यात काढलं असतं.

आता मुद्द्याचं. परवडणारा कोर्स करायचा तर हीच. तुडवली तर ती आडवी पसरते, कापली तर दाट होते. घोडबंदरकरांनी उडवलेला तळहाताएवढा तुकडा पुन्हा जागी ठेवून पायानं दाबला असता तर बहुधा पंधरा दिवसांत जखम भरली असती. परदेशी थंड हवेतलं गवत आपल्याकडे आणून एसीत ठेवल्यासारखं जपायचं, हा श्रीमंती चाळा.

तर्रीबाज | सोमवार, सकाळी ९:१२

म्हणजे घोडबंदरकरांनी काल पाच फटक्यांत गणपतीची एक जुडी काढली.

गारठलेला_मराठी | सोमवार, दुपारी १:४०

मी मूळचा वाशीचा, सध्या स्कॉटलंडात डंडीला. इथून सेंट अँड्र्यूज जवळ आहे, त्यामुळे हात शिवशिवतायत.

सडेतोड, तुमच्या "सार्वजनिक मैदान" या शब्दावर एक गोष्ट. सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स हे गोल्फचं पंढरपूर. आणि ती जमीन कुठल्या क्लबाची नाही, लोकांची आहे. १५५२ सालच्या सनदेत तिथल्या आर्चबिशपनं सशांची पैदास स्वतःच्या ताब्यात घेतली, पण त्या माळावर गोल्फ, फुटबॉल आणि बाकीचे खेळ खेळायचा गावकऱ्यांचा हक्क शाबूत ठेवला. आजही रविवारी ओल्ड कोर्स बंद असतो. बंद म्हणजे गोल्फला बंद, लोकांना उघडा. बायामाणसं कुत्री घेऊन फिरतात, पोरं १८ व्या फेअरवेवर (ग्रीनकडे नेणारा कापलेल्या गवताचा पट्टा) धावतात. पहिल्या आणि १८ व्या फेअरवेला आडवा छेदून चक्क एक सार्वजनिक रस्ता जातो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एक आजी बाजाराची पिशवी घेऊन सावकाश तो ओलांडत होत्या आणि चार खेळाडू क्लब खाली टेकवून थांबले होते. कुणी हाक मारली नाही, कुणी घड्याळ पाहिलं नाही.

आखणीचं सांगायचं तर तिथे सात ग्रीन जोडग्रीन आहेत. एकाच मोठ्या हिरवळीवर दोन झेंडे, एक जातानाचा, एक येतानाचा. गंमत म्हणजे जोडीतल्या आकड्यांची बेरीज दर वेळी १८. दुसरं आणि सोळावं एकत्र, तिसरं आणि पंधरावं एकत्र. जमीन अरुंद होती म्हणून हे झालं, शोभेसाठी नाही. तुमच्या मित्राचं म्हणणं याच्या जवळपास आहे असं वाटतं.

कोरड्या उन्हाळ्यात तिथले फेअरवे खाकी पडतात. मला वाटलं मेलं सगळं. कॅडी, म्हणजे खेळाडूची बॅग वाहणारा, म्हणाला, आता खरी मजा, बॉल पळतो. गवत हिरवंगार नसलं की आपल्याला ते गरीब वाटतं, ही आपल्या डोळ्यांना टीव्हीनं लावलेली सवय.

निवांत_नेरुळकर | सोमवार, दुपारी २:०३

खारघरला सुरुवातीला ११ च होल होते ना? नंतर सिडकोनं १८ चं काम हाती घेतलं. अपुरा कोर्स म्हणून लोक हसायचे.

तर्रीबाज | सोमवार, दुपारी २:०५

११ म्हणजे बरोबर टीम. बारावा पाणी द्यायला.

गारठलेला_मराठी | सोमवार, दुपारी २:३०

हसू नका. १८ हा आकडा काही वेदांत नाही. सेंट अँड्र्यूजला फेरी २२ होलची होती. १७६४ साली सुरुवातीचे चार आखूड होल जोडून दोन केले, तेच होल परतताना पुन्हा खेळायचे, म्हणून जाताना दोन कमी, येताना दोन कमी, उरले १८. जग त्याच्या मागे गेलं. पहिली ब्रिटिश ओपन स्पर्धा १८६० साली प्रेस्टविकला झाली, तो कोर्स १२ होलचा होता, खेळाडूंनी तीन फेऱ्या मारल्या. जमिनीत जेवढे चांगले होल बसतात तेवढेच करावेत. ओढूनताणून १८ करण्यात डोंगर कापावे लागले तर स्वस्तपणा गेलाच म्हणायचा.

पांथस्थ | सोमवार, रात्री ८:१५

दिल्लीत सात वर्षं होतो. तिथे लाडो सरायला डीडीएचा (दिल्ली विकास प्राधिकरणाचा) कुतुब गोल्फ कोर्स आहे, २००० साली सुरू झाला, देशातला पहिला सार्वजनिक. मी तिथेच शिकलो. शनिवारी माझ्या गटात एक निवृत्त सुभेदार, एक कॉलेजची मुलगी आणि एक पंजाबी टायरवाले. टायरवाले प्रत्येक फटक्याआधी "चल मेरे शेर" म्हणायचे आणि शेर दर वेळी किकरात. (किकर म्हणजे काटेरी बाभूळ.)

रेघोट्याताईंच्या यादीत एक भर घालतो, ग्रीनचं तोंड. मधोमध वाळू किंवा पाणी नको, समोरून सपाट रस्ता हवा. साठीच्या सुभेदारांना बॉल उंच उडवून ग्रीनवर अलगद उतरवणं जमत नसे, ते गोट्या खेळल्यासारखा जमिनीवरून सरपटत न्यायचे आणि हमखास पोचायचे. वाटेत बंकर असता तर त्यांचा खेळ चाळिशीतच संपला असता. शिवाय टी, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागा, पुढे-मागे चार ठिकाणी असाव्यात. बॉल १४० यार्ड मारणारा आणि २५० यार्ड मारणारा एकाच जागेवरून मारायला लावले तर पहिल्याला शिक्षा आणि दुसऱ्याला कंटाळा. पुढची टी करायला काय लागतं? मातीचा एक सपाट ओटा.

न्यूजर्सीची_लेक | सोमवार, रात्री ९:०२

थोडी असहमती. परवडणारा म्हणजे सोपाच असावा असा सूर लागतोय. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बेथपेज नावाचं स्टेट पार्क आहे, सरकारी. तिथला ब्लॅक कोर्स १९३६ चा, मंदीतल्या रोजगार योजनेच्या मजुरांनी बांधायला हात लावलेला. २००२ साली तिथे गोल्फची यूएस ओपन स्पर्धा झाली. पहिल्या टीजवळ पाटीच आहे की हा कोर्स अतिशय कठीण आहे, निष्णातांनीच खेळावा. आणि तरीही लोक रात्री पार्किंगमध्ये गाडीत झोपून सकाळचा नंबर लावतात. माझा नवरा झोपलाय, थर्मास आणि मेथीचे ठेपले घेऊन. स्वस्त दरात अस्सल कठीण खेळ मिळणं हीसुद्धा सार्वजनिक चैनच.

रेघोट्या | सोमवार, रात्री ९:४०

मान्य. पण बेथपेजमध्ये पाच कोर्स आहेत. चार जणांना चार पायऱ्या, मग पाचवी उभी कडा. आपल्याकडे एकच असेल तर तो कडा कसा ठेवणार?

टिळकनगरी | सोमवार, रात्री १०:५५

मी चेंबूरचा. आमच्याकडे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब, १९२७ चा. आमच्या वस्तीतली निम्मी पोरं तिथे कॅडी. दिवसभर साहेबांची बॅग वाहायची आणि संध्याकाळी गल्लीत स्वतःचा गोल्फ. क्लब कसला? बांधकामाची सळई, टोकाला वाकवलेली, मुठीला सायकलच्या ट्यूबचं रबर. बॉल प्लास्टिकचा, कारण खरा बॉल कुणाच्या काचेला लागला तर त्या घरात जेवायला बोलावणार नाहीत. पेपरांतही येऊन गेलंय हे, स्लम गोल्फ म्हणतात.

ते कोर्स आखणं म्हणजे खरं आर्किटेक्चर, ताई. पहिलं होल नळापासून पत्र्याच्या शेडपर्यंत, मधे वळण, वरून वाळत घातलेले कपडे. गटारात गेला तर एक फटका दंड आणि बॉल तुम्हीच धुवायचा. फेअरवे चार फूट रुंद. म्हणून आमच्यातल्या पोरांचा बॉल सरळ जातो. स्लाइस करायला जागा लागते, साहेब.

माझा चुलता नेहमी म्हणायचा, श्रीमंताच्या खेळात एक गोष्ट फुकट शिकायला मिळते, ती म्हणजे नजर. अली शेर बघा. दिल्लीचा कॅडी, १९९१ साली इंडियन ओपन जिंकला, जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक. त्याला जे मिळालं ते चोरून-मारून मिळालं. पब्लिक कोर्स असेल तर चोरावं लागत नाही, हा माझ्या दृष्टीनं त्याचा सगळ्यात मोठा गुण. बंकर किती आणि हरळी कुठली हे नंतर.

घोडबंदरकर | सोमवार, रात्री ११:०८

टिळकनगरीभाऊ, यावर वेगळा धागा काढाच. फोटो असले तर चढवा.

सडेतोड | मंगळवार, सकाळी ८:२०

टिळकनगरींच्या प्रतिसादापुढे मी गप्प. पण पूर्ण गप्प नाही.

गारठलेला_मराठी, रविवारचं उत्तम. आपल्याकडे तशी सोय असती तर मी पहिला सतरंजी घेऊन गेलो असतो. पण बाकीच्या सहा दिवसांचं काय? ४५ ग्रॅमचा टणक बॉल ताशी २०० किलोमीटरच्या आसपास सुटतो, त्याखालून सकाळचा फेरफटका कोण मारणार? म्हणजे कुंपण आलंच. आणि पाणी? आमच्या सोसायटीत मे महिन्यात टँकर. तिथे स्प्रिंकलर पाहिले की डोकं फिरतं.

रेघोट्या | मंगळवार, दुपारी १२:१०

पाण्यावर लिहिणारच होते.

आपल्याकडे पाण्याचे दोन प्रश्न आहेत आणि लोक एकच बघतात. आठ महिने पाणी आणायचं कुठून, आणि चार महिने घालवायचं कुठे. दुसरा जास्त अवघड. डोंगराच्या पायथ्याचा कोर्स असेल तर वरचं सगळं पाणी तुमच्या अंगावर येतं. चांगली आखणी आधी ओढे शोधते. ओढा आहे तिथेच ठेवायचा, फेअरवे त्याच्या कडेनं न्यायचा. पाइपात कोंबलेला ओढा एके दिवशी चिडतोच. फेअरवेला मधे हलकासा उंचवटा आणि कडेला उथळ चर, बास. तळी शोभेसाठी खणायची नाहीत, पाणी जिथे साठायचंच तिथे खणायची. म्हणजे तेच अडथळा, तेच पावसाचं पाणी धरणारं भांडं.

ग्रीनच्या पोटात मात्र पैसा घालायचा. वर ३० सेंटिमीटर वाळूचा थर, खाली १० सेंटिमीटर खडी, त्याखाली पाइप. भिजलेला स्पंज आडवा धरा, पाणी गळत नाही. वरून आणखी ओतलं की खालून गळू लागतं. वाळू तशीच वागते. उन्हाळ्यात ओल धरून ठेवते आणि मुसळधार आली की जादाचं सोडून देते. हे एकदा नीट केलं की तासाभरानं पुन्हा खेळता येतं. काटकसर म्हणून मातीचंच ग्रीन केलं तर जुलैत ते भाताचं खाचर.

आणि आठ महिन्यांचं पाणी सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं वापरावं. हरळी त्यावर मजेत जगते, पास्पालम नावाचं गवत तर खाडीकाठच्या खारेपणातही तगतं. नियम एकच, पाणी ग्रीनला आणि टीला, फेअरवेला जेमतेम, रफला, म्हणजे फेअरवेबाहेरच्या वाढलेल्या गवताला, थेंबही नाही. मार्चपासून रफ पिवळं पडलेलं दिसलं की समजायचं, इथला माणूस हुशार आहे.

जमिनीबद्दल दादांचं १४४ माणसांचं गणित मला खोडता येत नाही. ते कमी करता येतं एवढंच. तीन-तीन, सहा-सहा होलच्या फेऱ्या पुन्हा गेटापाशी येतील अशा आखायच्या, म्हणजे ऑफिसआधी एका तासात तीन होल खेळून माणूस घरी. आणि पार-३, म्हणजे तीन फटक्यांत पुरं व्हावं असं आखूड होल, सुरुवातीला ठेवायचं नाही. तिथे पुढचा गट ग्रीन सोडेपर्यंत मागच्यांना थांबावं लागतं. पहिल्या-दुसऱ्या होललाच ते आलं की ठाण्याच्या तीन हात नाक्यासारखी कोंडी.

अप्पा_जुन्नरकर | मंगळवार, दुपारी १२:३५

भाताचं खाचर अगदी बरोबर. चिखलणी करायला मी येतो.

सीवूड्सची_सून | मंगळवार, दुपारी ३:१५

वाचनमात्र असते, पण राहवलं नाही. इतक्या प्रतिसादांत बाथरूम हा शब्द कुणी लिहिला नाही. चार तास मोकळ्या माळावर, मे महिन्यात, आणि सोय फक्त क्लबहाउसात? पुरुष आखणीकारांच्या लक्षात येत नाही हे. दर पाच-सहा होलांमागे एक स्वच्छ बाथरूम, पिण्याचं पाणी, टीशेजारी सावली देणारं एखादं करंज किंवा कडुलिंब. बंकरच्या वाळूतले पैसे इथे घाला.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियोला अदिती अशोक चौथी आली तेव्हा आमच्या घरी सगळे पहाटे उठून टीव्हीपुढे. पार म्हणजे काय हे माहीत नसलेली सासूबाई बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) हुकली की "अगंबाई" म्हणत होत्या. त्या दिवसापासून माझी नऊ वर्षांची लेक मागे लागली आहे. तिला कुठेतरी घेऊन जायचं तर मला आधी हेच बघावं लागतं.

टिटवी | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

माझ्या नावाची लाज राखायला लिहिते. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर खळी करून चार अंडी घालते, खड्यांसारखी ठिपकेदार. एका कोर्सवर फेअरवेच्या कडेला मी ती पाहिली होती. माळ्यानं बाजूला काठी रोवून लाल फडकं बांधलं होतं, गवत कापायचं यंत्र वळसा घालून जात होतं. टिटवी मात्र प्रत्येक गटावर ओरडत होती आणि एकाचा पटिंग (ग्रीनवरचा हलका फटका) तिनं साफ बिघडवला. ज्या कोर्सवर रफ खरोखर रानटी ठेवतात तिथेच हे दिसतं. टापटिपीच्या कोर्सवर कावळे आणि गाडीवाले.

तर्रीबाज | मंगळवार, संध्याकाळी ७:०२

नियमाची शंका. उंदराच्या बिळात बॉल गेला तर?

पांथस्थ | मंगळवार, संध्याकाळी ७:२०

फुकट रिलीफ, म्हणजे बॉल उचलून बाजूला टाकायचा, दंड नाही. प्राण्यानं खणलेलं बीळ चालतं, किड्यांचं आणि गांडुळांचं नाही.

सडेतोड | मंगळवार, रात्री ९:३०

तीन होल खेळून ऑफिसला, हे कळलं. बाथरूम, सावली, रानटी रफ, सांडपाणी, हेही कळलं. हे सगळं असलेला कोर्स मला दाखवा, मी माझे शब्द अर्धे मागे घेतो. उरलेले अर्धे मैदानांसाठी राखून ठेवतो, कारण खारघरला जागा होती. ठाण्यात एक क्रिकेट पिच टाकायची तर बिल्डर आधी सातबारा बघतो.

घोडबंदरकर | बुधवार, रात्री १०:१५

मंडळी, आज सुट्टी टाकून पुन्हा गेलो. या वेळी गाडी बेलापूरला ठेवली आणि मेट्रोनं सेंट्रल पार्कला उतरलो, पुढे रिक्षा. बॅगेत मित्राचा एकच क्लब, इस्त्री नाही.

मूळ प्रश्नाचं सांगतो. आज चालताना बंकर मोजायच्या ऐवजी मी पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे बघत होतो, रफचा रंग बघत होतो. मित्र वैतागला, म्हणाला खेळायला आलायस की सर्वे करायला? थाळीचं माझं उदाहरण चुकलं असं आता वाटतंय. ही साधी थाळी नाही, हा वरणभात आहे. वरण बिघडलं तर झाकायला बाजूला काही नसतं.

आणि हो, आज गवत उडालं ते उचलून जागेवर ठेवलं, पायानं दाबलं. अप्पांची आठवण काढून. बॉल उजवीकडेच गेला.

अप्पा_जुन्नरकर | गुरुवार, सकाळी ५:४८

शाबास. गणपतीत इथे बाजारात दूर्वांची जुडी फार महाग मिळते. पुढच्या वेळी जाल तेव्हा माळ्याला विचारून एकवीस जुड्यांचं बघा की.

रेघोट्या | गुरुवार, सकाळी ९:०५

अप्पा, ग्रीनवरची हरळी तीन मिलिमीटरला कापतात. जुडी दोऱ्यानं बांधणार की चिमट्यानं?

अप्पा_जुन्नरकर | गुरुवार, सकाळी ९:११

मग रफमधली.